हिशेब गावातही वाचा : गोव्यातील सेवा क्लबांच्या नव्या पदाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
गोव्यातील रोटरी, लायन्स आणि इतर सेवा क्लबांचे येत्या 1 जुलैपासून काम पाहणारे अध्यक्ष, सचिव, खजिनदार व अनुदान समित्यांचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पदग्रहणाच्या निमंत्रणपत्रिका छापून झाल्या असतील. नव्या वर्षात कोणते प्रकल्प घ्यायचे याच्या याद्याही बनल्या असतील. त्या याद्या पक्क्या होण्याआधी तुमच्यापर्यंत पोचावे म्हणून हे पत्र आत्ताच लिहिते आहे.

माझी मागणी एकच आहे. तुमच्या अनुदानाचा पैसा ज्या शाळेत, ज्या इस्पितळात, ज्या वाड्यावर खर्च होतो, तिथल्या माणसांसमोर, त्यांच्या भाषेत, त्या पैशाचा हिशेब वाचून दाखवा. आज तो हिशेब वर जातो. क्लबाकडून डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे अनेक क्लबांच्या मिळून झालेल्या विभागाकडे, डिस्ट्रिक्टकडून अनुदान देणाऱ्या फाउंडेशनकडे, आणि शेवटी अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या इव्हान्स्टनला किंवा ओक ब्रुकला, रोटरी आणि लायन्सच्या मुख्यालयांत. सांगे किंवा सत्तरीतल्या ज्या गावाच्या नावाने तो पैसा मंजूर झाला, त्या गावाला मात्र तो कधी ऐकायला मिळत नाही.

हे मी दोन्ही बाजूंनी पाहिले आहे. डिचोली तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या एका सरकारी शाळेची मी मुख्याध्यापिका होते, तेव्हा क्लबांची मदत घेणाऱ्यांत होते. निवृत्तीनंतर एका क्लबाच्या अनुदान समितीला अर्ज लिहायला, कोटेशने लावायला, अहवाल तयार करायला मदत करते. सभासद नाही, पण फायली पाहिल्या आहेत. त्यामुळे तुमच्यापैकी किती जण स्वतःचे काम बाजूला ठेवून, स्वतःच्या गाडीत पेट्रोल घालून या कामासाठी फिरतात, हे मला ठाऊक आहे. हे पत्र त्या कष्टांविरुद्ध नाही. ते कष्ट वर्षभरात विरून जाऊ नयेत म्हणून आहे.

आधी शाळेतली गोष्ट सांगते, कारण माझे म्हणणे तिथूनच सुरू झाले.

एका क्लबाने आमच्या शाळेला पाणी शुद्ध करणारे आरओ मशीन दिले. कार्यक्रम छान झाला. भाषणे झाली, मुलांना खाऊ मिळाला, फलक लागला. देणाऱ्यांचा आनंद खरा होता, आमचाही खरा होता. पण आमचे पाणी जांभ्या खडकातल्या विहिरीचे. त्यात क्षार मुळातच कमी. अशा पाण्याला चांगली गाळणी आणि जंतू मारणारा यूव्ही दिवा पुरतो. क्षार काढणारे आरओ मशीन तिथे अनावश्यक, शिवाय ते घेतलेल्या पाण्यातला अर्ध्याहून जास्त भाग बाहेर टाकून देते. मार्च-एप्रिलमध्ये ज्या शाळेची विहीर तळाला जाते, तिथे ते मोरीतून वाहून जाणारे पाणी पाहून आमचे शिपाईकाका रोज हळहळायचे आणि बादली लावून ते झाडांना घालायचे. पाणी तपासून घ्यायचा खर्च मशीनच्या किमतीपुढे काहीच नव्हता. पण तपासावे असे कोणी सुचवले नाही, कारण अर्ज लिहिताना शाळेला कोणी विचारलेच नव्हते.

तरीही मशीन चालू होते तोवर आम्ही वापरले. मग पावसाळ्यात विजेचा दाब वरखाली होऊन त्याचा बोर्ड जळाला. तोवर 1 जुलै येऊन गेली होती. वॉरंटी कार्ड मागच्या अध्यक्षांकडे होते. नव्या मंडळातल्या एका सज्जन गृहस्थांनी अगदी अदबीने सांगितले, "बाई, तो आधीच्या टीमचा प्रोजेक्ट. आमचं बजेट वेगळं आहे." पुरवठादार म्हणाला, बिल ज्याच्या नावावर आहे त्याने तक्रार करावी. बिलाची प्रत आमच्याकडे नव्हती, मागूनही मिळाली नव्हती.

सरकारी शाळेत याचा अर्थ काय होतो, ते शाळेबाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. शाळेत आलेली प्रत्येक टिकाऊ वस्तू डेडस्टॉक रजिस्टरात चढवावी लागते. त्यासाठी किंमत हवी, बिलाची प्रत हवी, वस्तू शाळेला दिल्याचे पत्र हवे. यातले काही नसले की ती वस्तू कागदावर शाळेत नाहीच. जी वस्तू रजिस्टरात नाही, तिच्या दुरुस्तीवर पैसे खर्च केले की ऑडिटमध्ये हरकत येते. पालक-शिक्षक संघाकडे दुरुस्तीपुरते पैसे होते. ते खर्च करता येईनात. आणि मशीन काढून अडगळीत टाकावे, तर ते टाकण्याचा अधिकार कोणाचा?

पालक सभेत एका मुलीच्या आईने विचारले, "बाई, ही मशीन कोणाची हो? क्लबाची की आमची?"

या प्रश्नाचे उत्तर तुमच्या नियमांत स्पष्ट लिहिलेले आहे, हे मला पुष्कळ नंतर, अर्जांचे काम करू लागल्यावर कळले. रोटरी फाउंडेशनच्या अटी सांगतात की अनुदानातून घेतलेल्या वस्तूची मालकी लाभार्थ्यांच्याच नावे असली पाहिजे; क्लब, डिस्ट्रिक्ट किंवा कोणी सभासद तिचा मालक असू शकत नाही. कंपन्यांच्या सीएसआर (म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या) निधीतून उभ्या राहिलेल्या मालमत्तेलाही नियम आहे. ती कंपनीच्या नावे राहत नाही. नोंदणीकृत धर्मादाय संस्था, लाभार्थ्यांचा गट किंवा सार्वजनिक प्राधिकरण यांच्याकडेच ती असावी लागते. म्हणजे त्या आईचा प्रश्न नियम लिहिणाऱ्यांना आधीच सुचला होता. उत्तर शाळेपर्यंत पोचले नाही, कारण ते सांगणारा कागद फाइलला लावला गेला आणि फाइल वर गेली.

तुमच्या नियमांबद्दल माझी तक्रार नाही. उलट ते वाचून माझा आदर वाढला. रोटरीत अनुदान घ्यायचे तर क्लबाला दरवर्षी पात्र ठरावे लागते, सामंजस्य करारावर सही करावी लागते, अनुदान व्यवस्थापनाचे प्रशिक्षण घ्यावे लागते. मोठे ग्लोबल ग्रँट किमान 30,000 डॉलरच्या प्रकल्पाचे असते. त्याच्या खात्यावर दोघांच्या सह्या लागतात, पहिला हप्ता मिळाल्यापासून दर बारा महिन्यांनी प्रगती अहवाल जातो, काम संपल्यावर दोन महिन्यांत अंतिम अहवाल जातो, कागदपत्रे किमान पाच वर्षे जपायची असतात. 2018 पासून ग्लोबल ग्रँटच्या अर्जासोबत गावाच्या गरजांची पाहणीही जोडावी लागते. लायन्समध्ये क्लब चालवायचा पैसा आणि लोकांकडून सेवाकार्यासाठी जमवलेला पैसा यांची खाती वेगळी. लोकांचा पैसा लोकांसाठीच परत जायला हवा, जेवणावळीला नाही. इतकी शिस्त आपल्याकडच्या फार थोड्या संस्थांनी स्वतःला लावून घेतली असेल.

पण ही सगळी शिस्त देणाऱ्याला उत्तर देण्यासाठी आहे. घेणाऱ्याला उत्तर देण्याची जागा तिच्यात अजून रिकामी आहे. ती जागा तुम्ही गोव्यात भरावी, असे मला वाटते. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

यात सर्वात आड येते ते तुमचे एक वर्ष. क्लबाचे वर्ष 1 जुलै ते 30 जून. आयकराचे आणि कंपन्यांचे 1 एप्रिल ते 31 मार्च. फाउंडेशनचा अहवाल मोजला जातो तो पैसे मिळाल्याच्या तारखेपासून. शाळेचे वर्ष आणखी वेगळे, आणि या सगळ्यांवर आपला पावसाळा. परिणाम असा की अर्ज, मंजुरी, कोटेशने यांत एप्रिल उजाडतो आणि मग 30 जूनच्या आत सगळे उरकायची घाई सुरू होते. मे महिन्यात शाळा बंद असताना संगणक येतात. ते उघडून पाहायला शाळेत कोणी नसते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, मिरग लागल्यावर, छपरावर सोलर पॅनेल चढतात आणि ती नीट चालतात की नाही हे ऑक्टोबरपर्यंत कळत नाही. तोपर्यंत अध्यक्ष बदललेले असतात.

या धावपळीत एक गोष्ट विसरली जाते. रोटरीच्या वार्षिक निधीत सभासद जे पैसे देतात, ते तीन वर्षे गुंतवले जातात आणि त्यानंतर त्यातला वाटा डिस्ट्रिक्टला अनुदानांसाठी मिळतो. म्हणजे येत्या वर्षी तुमच्या सहीने जो पैसा खर्च होईल, तो तीन वर्षांपूर्वीच्या सभासदांनी दिलेला आहे. आणि त्यातून घेतलेली वस्तू पुढची कित्येक वर्षे वापरली जाणार आहे. मध्ये तुम्ही बारा महिने आहात. "आमच्या वर्षाचा प्रोजेक्ट" हे शब्द मी पुष्कळदा ऐकले आहेत, आणि त्यामागचा उत्साह मला कळतो. पण ज्या पोलिओच्या कामाचा तुम्हाला रास्त अभिमान आहे, ते रोटरीने 1985 साली जगभर हाती घेतले, भारतातला शेवटचा रुग्ण 2011 च्या जानेवारीत हावड्यात सापडला आणि 2014 च्या मार्चमध्ये देश पोलिओमुक्त ठरला. तेवढ्या काळात किती अध्यक्ष आले आणि गेले असतील! प्रत्येकाने आधीच्याचे काम पुढे चालवले म्हणून ते झाले.

म्हणून अनुदान समिती अध्यक्षाबरोबर बदलू नका. तिच्यावर तीन वर्षांसाठी माणसे नेमा, आणि दरवर्षी त्यातला एकच बदला. ज्या शाळेला, इस्पितळाला काही दिले असेल तिथे या समितीतल्या एकाचे नाव आणि फोन नंबर असू द्या. तो बदलला तर नव्याचे नाव पत्राने कळवा. एवढ्या एका गोष्टीने माझ्या शाळेचा निम्मा प्रश्न सुटला असता.

आता गरज विचारण्याबद्दल. पाहणी म्हणजे सरपंचांना भेटून चहा घेणे आणि मुख्याध्यापकांचे "गरज आहे" असे पत्र घेणे, एवढ्यावर ती बहुतेक वेळा थांबते. असे पत्र कोणीही देतो. मीही दिले असते. फुकट येणाऱ्या वस्तूला नको कोण म्हणेल? सत्तरीतल्या एका स्वयंसाहाय्य गटाच्या बायकांशी मी एकदा निवांत बसून बोलले. त्यांना शिलाई मशिने मिळायची होती. त्यांच्यापैकी दोघींकडे मशीन आधीच होते, आणि गावात शिवण कोणी देत नव्हते, कारण तयार कपडे वाळपईच्या बाजारात स्वस्त मिळतात. त्या करत होत्या कोकमाची सोलां, पापड, आंब्याच्या साटां. त्यांना हवे होते ते पॅकिंगसाठी पिशव्या बंद करायचे यंत्र, लेबले, खाद्यपदार्थ विकायची नोंदणी करून द्यायला कोणीतरी, आणि चतुर्थीच्या आधीच्या बाजारात पणजी-म्हापशाला माल न्यायला गाडी. शिलाई मशिनांपेक्षा हे सगळे कमी पैशांत झाले असते. फक्त ते फोटोत ओळीने मांडता आले नसते.

हे मी टोचून बोलत नाही. फोटो मला समजतो. देणगीदाराला काहीतरी दिसावे लागते, डिस्ट्रिक्टला पाठवावे लागते, उद्याचा सभासदही त्या फोटोमुळेच क्लबात येतो. पण वस्तू ठरवण्याआधी एक दुपार त्या बायकांसोबत घालवा आणि त्यांनी काय सांगितले ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. तो कागद अर्जाला जोडा आणि त्याची एक प्रत त्यांच्याकडे ठेवा. पुढे हिशेब वाचाल तेव्हा तोच कागद समोर असेल, आणि आपण मागितले काय, मिळाले काय, हे त्यांनाच ताडून पाहता येईल.

डायलिसिस मशीन हे अलीकडे बऱ्याच क्लबांचे आवडते दान आहे, आणि त्याची गरज खरी आहे. आठवड्यातून दोनतीनदा काणकोणहून मडगावला किंवा पेडण्याहून म्हापशाला जाणाऱ्या रुग्णाला घराजवळ सोय झाली तर त्याचे आयुष्य बदलते. पण तिथे मशीन हा सर्वांत सोपा भाग आहे. चार तासांच्या एका डायलिसिसला सुमारे 120 लिटर अतिशुद्ध पाणी लागते. इथे आरओ हवाच, आणि तोही चांगला सांभाळलेला. त्याची देखभाल कोण करणार? प्रशिक्षित तंत्रज्ञाचा पगार कोण देणार? डायलायझर, नळ्या, द्रावण दर खेपेला लागतात, त्यांचे पैसे सरकारी योजनेतून येणार की रुग्णाच्या खिशातून? वीज गेली तर जनरेटर आहे का? ही उत्तरे इस्पितळाकडून लेखी घेतल्याशिवाय मशीनची ऑर्डर देऊ नका. आणि ती उत्तरे रुग्णांच्या नातेवाइकांना वाचता येतील अशी त्या खोलीबाहेर लावा. मशीन बंद पडल्यावर कोणाला गाठायचे, हे रात्री आठ वाजता बाकावर बसलेल्या मुलाला कळले पाहिजे.

पैसा कुठून येतो यावरही थोडे सांगते, कारण इथे गोव्याचा एक खास प्रश्न आहे. आपली माणसे जगभर आहेत आणि गावासाठी देणारी आहेत. भारतीय पासपोर्ट असलेला मुलगा दुबईहून स्वतःच्या कमाईतले पैसे रीतसर बँकेतून पाठवतो, ती परदेशी देणगी धरली जात नाही. पण त्याच घरातल्या ज्या भावाने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला आणि जो आज इंग्लंडमध्ये आहे, त्याची देणगी परदेशी ठरते आणि तिला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, लागू होतो. मग संस्थेला त्या कायद्याखालची नोंदणी किंवा परवानगी हवी, आणि पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या संसद मार्गावरच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवा. 2020 च्या दुरुस्तीनंतर असा पैसा घेतलेल्या संस्थेला तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. "आपण घेऊ आणि गावच्या मंडळाला देऊ" हा जुना रिवाज आता गुन्हा ठरू शकतो. देणगीदाराला पासपोर्ट विचारणे अवघड वाटते, मला माहीत आहे. तरी खजिनदारांनी ते पावती फाडण्याआधी विचारावे.

सीएसआरचा पैसा 2014 पासून क्लबांकडे वाढला. कायद्याच्या अटीत बसणाऱ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के खर्च करावे लागतात आणि मार्च जवळ आला की त्यांना घाई होते. ती घाई तुमच्या गळ्यात पडू देऊ नका. डिचोली, सत्तरी, सांग्याच्या खाणपट्ट्यातले आम्ही लोक एकाच देणाऱ्यावर अवलंबून राहणे काय असते ते जाणतो. 2012 साली खाणी थांबल्या आणि पुन्हा 2018 साली थांबल्या, तेव्हा कामांबरोबर कंपन्यांच्या मदतीवर चालणाऱ्या कितीतरी सोयीही थांबल्या. त्या सोयी कशा चालत होत्या, खर्च किती होता, गावाला माहीत नव्हते. माहीत असते तर त्यातल्या काही तरी गावाने वर्गणी काढून किंवा पंचायतीकडून चालू ठेवल्या असत्या, असे मला आजही वाटते.

इथेच माझ्या मागणीचे मूळ आहे. ज्याचा खर्च माहीत असतो, ते सांभाळता येते.

हिशेब ऐकणे आपल्या लोकांना नवे नाही. गोव्यातल्या देवस्थानांत महाजनांच्या, म्हणजे देवस्थानाच्या सभासदांच्या, सभेत वर्षाचा जमाखर्च वाचला जातो. मागच्या रांगेतला एखादा म्हातारा महाजन उठतो आणि समईच्या तेलाचा खर्च गेल्या साली एवढा नव्हता, यंदा कसा वाढला, असे विचारतो. समितीला उत्तर द्यावे लागते. कधी वाद होतो, कधी आवाज चढतो, पण देऊळ आपले आहे ही भावना त्या प्रश्नातूनच टिकते. क्लबाने दिलेल्या वस्तूबद्दल गावात असा प्रश्न कोणी विचारत नाही. ती वस्तू दुसऱ्याची वाटते, म्हणून ती बंद पडली तरी कोणी तक्रार करत नाही.

महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांवर धर्मादाय आयुक्त असतो. गोव्यात तसा आयुक्त नाही. संस्था 1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली किंवा न्यास म्हणून नोंदल्या जातात, सनदी लेखापाल हिशेब तपासतो, आणि बहुतेकदा तिथेच गोष्ट संपते. लोकांनी ऐकणे हीच इथली देखरेख होऊ शकते.

वाचायचे काय, तर फार नाही. एका पानात मावते. एकूण रक्कम किती आणि त्यात फाउंडेशनचे किती, क्लबाच्या सभासदांचे किती, कंपनीचे किती. काय घेतले, कोणाकडून, किती रुपयांना, जीएसटी धरून. आणखी कोणाची कोटेशने आली होती. वस्तू कोणाच्या मालकीची आणि कोणत्या रजिस्टरात कोणत्या नंबरावर चढली. वॉरंटी कधीपर्यंत, त्यानंतरचा वार्षिक देखभाल खर्च अंदाजे किती आणि तो कोण भरणार. बिघाड झाला तर कोणाला फोन करायचा. काही रक्कम शिल्लक राहिली तर तिचे काय झाले. हे पान मराठीत आणि कोकणीत, देवनागरी लिपीत करा. जिथे लोक रोमी (रोमन लिपीतली) कोकणी वाचतात तिथे तेही करा. वस्तू दिल्यावर तीनचार महिन्यांनी, ती वापरून झाल्यावर, पालक सभेत किंवा ग्रामसभेच्या रविवारी पंचायतीला विचारून ते वाचा. एक प्रत तिथे भिंतीवर लावा. फलकावर खर्च करायला फाउंडेशनच्या अनुदानात मर्यादा आहे. या कागदाला झेरॉक्सचे पैसे लागतात.

कोटेशनांचा उल्लेख मी मुद्दाम केला. गोवा लहान आहे. फर्निचरचा पुरवठादार कोणाचा तरी मेहुणा असतो, संगणकवाला त्याच क्लबाचा सभासद असतो. यात दर वेळी काही वाईट असते असे नाही. ओळखीचा माणूस कधी खरोखरच स्वस्त देतो आणि रविवारी दुरुस्तीला येतो. फाउंडेशनची अपेक्षाही इतकीच की नाते उघड करा आणि निर्णयातून त्या सभासदाने बाहेर राहावे. हे नाते गावासमोरच्या कागदावर लिहिले असेल तर कुजबुजीला जागाच उरत नाही. लपलेले असेल तर उत्तम कामावरही डाग पडतो, आणि तो प्रामाणिक सभासदांनाही सोसावा लागतो. मी तसे होताना पाहिले आहे आणि फार वाईट वाटले होते.

तुमच्या काही शंका मला आधीच ऐकू येतात. गावात हिशेब वाचला तर राजकारण शिरेल, पंच एकमेकांवर घसरतील, "आमच्या वाड्याला का नाही" म्हणून भांडण होईल. होईल, कधीकधी होईल. पण आज ते भांडण होत नाही असे नाही. ते तुमच्या पाठीमागे, अर्धवट माहितीवर होते. किंमत समोर असली की बोलणे जमिनीवर राहते. दुसरी शंका, सभासद आधीच वेळ देतात, त्यात हे आणखी एक काम. त्यावर माझे म्हणणे असे की अंतिम अहवालासाठी हेच सगळे आकडे तुम्ही जमवताच. इंग्रजीत भरलेला तो फॉर्म एका पानात आपल्या भाषेत उतरवायला एक संध्याकाळ पुरते. लाभार्थ्यांची संख्याही मग आपोआप खरी येईल. ज्यांच्यासमोर वाचायची आहे त्यांना शाळेचा पट ठाऊक असतो.

तिसरी शंका जरा कठीण आहे. प्रकल्प फसला असेल तर? मशीन बंद असेल, मुले संगणकाच्या खोलीत जात नसतील, तर ते कसे वाचायचे? तसेच वाचा. पटसंख्या कमी झाल्यामुळे आपल्याकडे कितीतरी सरकारी प्राथमिक शाळा बंद झाल्या किंवा दुसऱ्या शाळेत विलीन झाल्या. त्यांना दिलेल्या वस्तू कुठे गेल्या, हे आज विचारले तर बरेच क्लब सांगू शकणार नाहीत. गावात विचारले तर कोणीतरी सांगेल: बाक अंगणवाडीत आहेत, टीव्ही कपाटात बंद आहे, पंखा देवळाच्या मंडपात लावला. त्या माहितीवर बाक अंगणवाडीच्या नावे करता येतील, टीव्ही चालू शाळेत नेता येईल. फसलेल्यातून एवढे तरी हाती लागते.

तुमच्या पहिल्या बोर्ड मीटिंगच्या विषयपत्रिकेवर तीन ठराव घ्यावेत, अशी विनंती करते. अनुदान समितीची मुदत तीन वर्षांची असावी. गेल्या पाच वर्षांत अनुदानातून दिलेल्या वस्तूंची यादी करून त्या कुठे, कोणाच्या नावे आणि कोणत्या अवस्थेत आहेत हे 31 डिसेंबरपूर्वी जागेवर जाऊन पाहावे. पाच वर्षांचे कागद तुमच्याकडे असायलाच हवेत, तेव्हा सुरुवात अवघड नाही. आणि येत्या वर्षातल्या प्रत्येक अनुदानाचा हिशेब त्या-त्या गावात वाचला जावा, वाचल्याची तारीख आणि तिथे विचारलेले प्रश्न इतिवृत्तात नोंदवावेत.

एका पानाच्या हिशेबाचा मराठी नमुना मी तयार केला आहे. तो क्लबांच्या सचिवांकडे पाठवते आहे. त्यात हवे ते बदल करा. शाळांच्या बाबतीत डेडस्टॉक रजिस्टरात वस्तू कशी चढवायची आणि हस्तांतरणाचे पत्र कसे लिहायचे, हे समजावून द्यायला डिचोली, सत्तरी आणि बार्देशात मी स्वतः यायला तयार आहे. दक्षिण गोव्यासाठी सांगे आणि केप्यातल्या माझ्या दोन निवृत्त शिक्षक मैत्रिणी तयार आहेत. पहिले वाचन कोणत्या गावात ठेवता ते कळवा. पावसात रस्ते खराब असतात, तेव्हा शक्यतो सकाळची वेळ ठेवा.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त मुख्याध्यापिका
डिचोली, गोवा